कंस सरकला

गेल्या जुलैत एका रात्री साडेनऊला फोन वाजला. पुतणीची मुलगी, कॅलिफोर्नियातली. तिच्याकडे सकाळचे नऊ वाजले होते आणि ती वर्गाबाहेरच्या पायरीवर बसून काहीतरी खात होती. “आजी, आज इंटिग्रेशन बाय पार्ट्स सुरू होणार. तुमच्या वेळीपण ‘लायेट’च होतं का गं?” लायेट म्हणजे त्यात कुठलं फलन आधी घ्यायचं ते लक्षात ठेवायची खूण.

पोर सोळा वर्षांची. शाळेचं शेवटचं वर्ष अजून उरलंय. पण सुट्टीत घरात लोळण्याऐवजी ती गावातल्या कम्युनिटी कॉलेजात कॅल्क्युलस शिकायला जाते. पुढे युनिव्हर्सिटीत गेल्यावर हे गणित तिथे धरलं जाईल अशी तिची आशा आहे. वर्गात तिच्या डाव्या हाताला रात्रपाळी करून येणारी नर्स बसते आणि उजव्या हाताला एक गृहस्थ. “बाबांपेक्षा मोठे आहेत, आजी. ते ट्रक चालवायचे. आता इंजिनियर व्हायचंय त्यांना.”

मी फोन ठेवला तेव्हा भावजय समोर बसली होती. सगळं ऐकून तिने काळजीने विचारलं, “म्हणजे चांगल्या कॉलेजात नंबर नाही का लागला तिचा?”

हा प्रश्न मला नवा नाही. मी १९७५ ते २०१० अशी पस्तीस वर्षं अकरावी-बारावीला गणित शिकवलं. लग्नाकार्यात कुणी विचारलं आणि मी “कॉलेजात शिकवते” म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा: सिनियर की ज्युनियर? ज्युनियर म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावरचा आदर निम्म्यावर यायचा. शाळा आणि विद्यापीठ यांच्या मधली ती दोन वर्षं. त्यांना घर असं कधी मिळालंच नाही, कुणाच्या तरी पडवीत राहत आली बिचारी. त्यांची हकिगत लिहून ठेवावी असं त्या रात्री वाटलं.

आमच्या भागातलं सगळ्यात जुनं कॉलेज कुठलं, असं कुणी विचारलं तर मी मंडपेश्वर सांगते. लोकांना वाटतं म्हातारी चेष्टा करते. दहिसर स्टेशन ओलांडून पश्चिमेकडून बोरिवलीच्या दिशेने चालत गेलं की मंडपेश्वरची शैव लेणी लागतात, आणि लेण्यांच्या डोक्यावर पडक्या भिंती उभ्या आहेत. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन पाद्री अंतोनियो दो पोर्तो याने तिथे मठ उभारला आणि त्याला जोडून कॉलेज काढलं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, साष्टी पोर्तुगीजांच्या हातून गेली आणि ते कॉलेजही गेलं. तिथलं शिक्षण धर्माचं. त्यामुळे माझ्या गोष्टीत त्याला एवढीच जागा.

गणिताची गोष्ट सुरू होते ती १८२० च्या दशकात, आणि ती चक्क मराठीत सुरू होते. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस नावाच्या लष्करी इंजिनियरने मुंबईत एक संस्था चालवली. एतद्देशीय मुलांना मोजणी आणि बांधकामाच्या कामासाठी तयार करायचं, आणि त्यांच्याच भाषेत शिकवायचं, हा तिचा हेतू. त्यासाठी जगन्नाथशास्त्री क्रमवंतांसारख्या शास्त्र्यांच्या मदतीने त्याने हटनच्या इंग्रजी गणिताची पुस्तकं मराठीत आणली. पुढे १८३४ च्या सुमारास पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर एल्फिन्स्टनमध्ये शिकवू लागले. ‘दर्पण’वाले म्हणून आपण त्यांना ओळखतो, दर सहा जानेवारीला हार घालतो. पण ते गणित आणि ज्योतिष शिकवत, आणि डिफरन्शियल कॅल्क्युलसला त्यांनी मराठी नाव दिलं: शून्यलब्धि. काय शब्द आहे! बदल शून्याकडे जाताना हाती लागतं ते. मी एम.एस्सी. होईपर्यंत हा शब्द एकदाही ऐकला नव्हता.

त्यांच्या हाताखाली शिकलेले दादाभाई नौरोजी १८५५ मध्ये विलायतेला जाण्यापूर्वी एल्फिन्स्टनमध्ये गणिताचे प्राध्यापक झाले होते. टिळक गणित शिकवत. गोखल्यांनी अंकगणिताचं पुस्तक लिहिलं. टिळक १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले आणि पुढच्याच वर्षी तिच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला आले ते धोंडो केशव कर्वे. रघुनाथराव परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले आणि परत येऊन त्याच कॉलेजात खडू हातात घेतला. आपले त्या काळचे निम्मे पुढारी गणिताचे मास्तर होते. मॅट्रिक होऊन खेड्यापाड्यांतून आलेली पोरंही त्यांच्याच समोर बसत. कुणाला त्यात कमीपणा वाटल्याचं ऐकिवात नाही.

मुंबई विद्यापीठ १८५७ चं. त्याची पहिली मॅट्रिक १८५९ मध्ये झाली, त्यात महादेव गोविंद रानडे होते. मॅट्रिक म्हणजे विद्यापीठाच्या दारावरची परीक्षा, आणि ती घेणारं विद्यापीठच. आत गेल्यावर आधी प्रीव्हियस, मग इंटर, मग बी.ए. म्हणजे शाळा संपली की पोरगं एकदम विद्यापीठाचं. ते मधलं इंटरपर्यंतचं शिक्षण शाळेचं की विद्यापीठाचं, हा वाद तेव्हापासून आहे. १९१७ ते १९१९ मध्ये मायकेल सॅडलर यांच्या अध्यक्षतेखाली कलकत्ता विद्यापीठ आयोग बसला. त्याने स्पष्ट सांगितलं की विद्यापीठाचा उंबरठा मॅट्रिकनंतर नको, इंटरनंतर हवा, आणि इंटरसाठी वेगळी कॉलेजं काढा. उत्तर प्रदेशाने, म्हणजे तेव्हाच्या संयुक्त प्रांताने, ते ऐकलं आणि १९२१ मध्ये इंटरचं वेगळं बोर्ड केलं. मुंबईने ऐकायला आणखी चोपन्न वर्षं घेतली.

गंमत अशी की सॅडलर यांच्याही आधी तिकडे अमेरिकेत हाच विचार चालू होता. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी पदवीच्या चार वर्षांचे दोन तुकडे पाडले. पहिल्या दोन वर्षांना नाव दिलं ज्युनियर कॉलेज, पुढच्या दोन वर्षांना सिनियर. त्यांच्या प्रोत्साहनाने १९०१ मध्ये इलिनॉयमधल्या जोलिएट गावी हायस्कूलला जोडून ज्युनियर कॉलेज निघालं, पहिल्या वर्षी सहा विद्यार्थी. १९४७ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांच्या आयोगाने त्यांना कम्युनिटी कॉलेज म्हणावं असं सुचवलं आणि ती गावोगाव झाली. म्हणजे माझी नात जिथे जाते ते कॉलेज आणि मी जिथे पस्तीस वर्षं काढली ते कॉलेज ही एका नावाची भावंडं आहेत. एकाने दार उघडं ठेवलं. दुसऱ्याने काय केलं ते सांगते.

आमचं कुटुंब १९६० मध्ये गिरगावातून दहिसरला आलं. वडील छापखान्यात जुळारी. गिरगावातल्या खोलीत दोन भावांचे संसार मावेनात, म्हणून हे गाव. त्याच्या तीनच वर्षं आधी, १९५७ मध्ये, दहिसर बृहन्मुंबईच्या हद्दीत आलं होतं. पण ते कागदावर. आम्ही पाहिलं ते भातशेतीचं, गुरांच्या गोठ्यांचं दहिसर. नदी तुळशी तलावाकडून यायची, तिच्या पाण्यात तळ दिसायचा आणि अधूनमधून काठावर सिनेमाचं शूटिंग चालायचं. वडील रोज लोकलने गिरगावात जात आणि येताना बाद झालेली प्रुफं आणत. मागची बाजू कोरी. माझं सगळं गणित लग्नपत्रिकांच्या आणि दहाव्या-बाराव्याच्या कार्डांच्या पाठीवर झालं आहे. वडिलांचा गणितावर राग होता, तो मात्र अभ्यासामुळे नाही. अपूर्णांक जुळवायला त्रास. वर एक खिळा, मध्ये रेघ, खाली एक खिळा, आणि सगळ्याची उंची ओळीत बसवायची. “तुझा तो वर्गमूळ काढणारा माणूस भेटला तर त्याला माझ्याकडे पाठव,” म्हणायचे.

१९६८ मध्ये मी एस.एस.सी. झाले, जुनी अकरावीची. तेव्हा हायर मॅथ्स आणि लोअर मॅथ्स असा भेद होता. बऱ्याच मुलींना घरचे लोअर घ्यायला लावत. वडिलांनी विचारलं, “हायरला अपूर्णांक जास्त असतात का?” मी हो म्हटलं. म्हणाले, “मग तेच घे. तुला कुठे जुळवायचेत.”

मग पार्ल्याच्या एका कॉलेजात एफ.वाय. सायन्स. पार्ल्याला १९५९ पासून कॉलेज होतं आणि अंधेरीला १९४६ पासून. त्याआधीच्या मुलांना दादर-माटुंग्यापर्यंत जावं लागे. आम्ही दहिसरहून चालत बोरिवली गाठायचो, कारण तिथून सुटणाऱ्या लोकलमध्ये बसायला मिळे आणि बसलं की पार्ल्यापर्यंत अभ्यास होई.

पहिल्या आठवड्यात सरांनी फळ्यावर त्रिकोण काढला आणि म्हणाले, “द हायपॉटेन्यूज.” मी मराठी शाळेतली. कर्ण मला लहानपणापासून माहीत, पायथागोरसचं प्रमेय मी झोपेत सिद्ध करीन. पण हायपॉटेन्यूज ही काहीतरी नवीन रेघ आहे असं समजून मी ती त्रिकोणात शोधत बसले. वहीत देवनागरीत लिहून ठेवलं, “हायपॉटिनस: शोधणे.” पर्पेंडिक्युलर म्हणजे लंब, कॉन्ग्रुअंट म्हणजे एकरूप, लोकस म्हणजे बिंदुपथ. दिवाळीपर्यंत मी गणित शिकतच नव्हते, गणिताचं बारसं करत होते. पहिल्या चाचणीत पन्नासपैकी एकोणीस. जर्व्हिस आणि बाळशास्त्री ज्या भाषेत गणित सांगू पाहत होते त्याच भाषेतून आलेली मुलगी, एकशे तीस-चाळीस वर्षांनंतर त्याच शहरात, कर्ण ओळखू शकत नव्हती. माझ्या मते आपल्या शिक्षणाच्या इतिहासातली ही सगळ्यात महागडी चूक आहे. आणि ती कुणा एकाची नाही.

पण एक सांगायला हवं. तो वर्ग विद्यापीठाचा होता. जे सर बी.एस्सी.ला रिअल ॲनालिसिस शिकवत तेच आम्हाला को-ऑर्डिनेट जॉमेट्री शिकवत. दोन वर्षांनंतरच्या इंटरची परीक्षा विद्यापीठ घेई. क्लार्क्स टेबल्सची आमची जुनी प्रत उघडून ते म्हणायचे, “हे लॉग कुणीतरी हाताने काढलेत, बघा.” पुढे काय आहे याची चाहूल वर्गात असायची. इंटरच्या निकालावर इंजिनियरिंग-मेडिकल ठरायचं, त्यामुळे धाकधूक होतीच. तरी चाळीस मुलांतली तीन-चार केवळ गणित आवडलं म्हणून पुढे गणितात गेली. त्यातली मी एक.

आता ते १९७५.

कोठारी आयोगाने १९६६ मध्ये अहवाल दिला, १९६८ च्या राष्ट्रीय धोरणात १०+२+३ आलं आणि महाराष्ट्राने ते १९७५ मध्ये लागू केलं. त्या वर्षी जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली अशा दोन एस.एस.सी. झाल्या. घरोघरी एकाच वर्षी दोन भावंडं मॅट्रिक! जूनमध्ये राज्यभर ज्युनियर कॉलेजं सुरू झाली आणि १९७७ मध्ये पहिली बारावी झाली. मी एम.एस्सी. होऊन वर्ष झालं होतं. बोरिवलीच्या अलीकडच्या एका कॉलेजात मला लगेच नोकरी लागली, कारण सगळ्यांनाच एकदम माणसं हवी होती.

वर्गात मी पहिल्याच दिवशी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या:

११ + ४ = १५
१० + २ + ३ = १५

“बेरीज बदलली का?” पोरं म्हणाली, नाही. “मग सरकारने काय केलं?” मागच्या बाकावरचा एक दहिसर गावठाणातला मुलगा म्हणाला, “बाई, कंस सरकवला.”

त्याच्याइतकं नेमकं उत्तर मला नंतर कुठल्याही अहवालात सापडलं नाही. आधी तो मधला तुकडा विद्यापीठाच्या कंसात होता, आता शाळेच्या कंसात गेला. बेरजेत कंस कुठेही टाका, उत्तर तेच, हे आम्ही सातवीत शिकवतो. पण शिक्षण बेरीज नाही. परीक्षा विद्यापीठाकडून बोर्डाकडे गेली. इंटर शिकवणारे सर सिनियरला राहिले आणि आम्ही नवे ज्युनियरला आलो. माझ्या कॉलेजात स्टाफरूम एकच होती, पण खुर्च्या दोन प्रकारच्या. हात असलेल्या सिनियरच्या, बिनहाताच्या आमच्या. हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं, पण पहिल्याच आठवड्यात माझी खुर्ची बदलून दिली गेली. वेतनश्रेणीही वेगळी. विद्यापीठातल्या गणिताची हवा आमच्या वर्गापर्यंत यायची बंद झाली, आणि आम्ही काय शिकवतो हे बघायला सिनियरचं कुणी कधी आलं नाही. सगळ्यांना हे सोयीचं होतं.

त्या पहिल्या वर्षी मी दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचा खेळ घेतला. कापरेकर आमच्याच रेल्वेलाइनवरचे, जन्म डहाणूचा, १९०५ चा. फर्ग्युसनमध्ये शिकले, १९२७ मध्ये रँग्लर परांजप्यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळवलं, पुढे पदव्युत्तर पदवी न घेता देवळालीच्या शाळेत आयुष्यभर मास्तरकी केली. त्यांनी एका संख्यासमूहाला ‘डेम्लो’ नाव दिलं. ते डोंबिवली स्टेशनच्या जुन्या नावावरून, कारण ती कल्पना त्यांना तिथे सुचली. खेळ असा: चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, उत्तराचं पुन्हा तसंच करा. आम्ही साल घेतलं, १९७५.

९७५१ − १५७९ = ८१७२. ८७२१ − १२७८ = ७४४३. ७४४३ − ३४४७ = ३९९६. ९९६३ − ३६९९ = ६२६४. ६६४२ − २४६६ = ४१७६. ७६४१ − १४६७ = ६१७४.

आणि मग पुढे कितीही करा, ६१७४ च. वर्गात गलका झाला, जो तो आपल्या जन्मसालाची वजाबाकी करू लागला. त्याच वर्षी मार्चमध्ये मार्टिन गार्डनरने ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं होतं, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. देवळालीच्या मास्तरांना त्याआधी इथल्या विद्वानांनी फारसं विचारलं नव्हतं. त्यांची खुर्चीही बिनहाताचीच असणार.

पाठ्यपुस्तकाशिवाय आम्ही स्वतःच्या नोट्स काढायचो. इंग्रजी संज्ञा, शेजारी मराठी, खाली एक उदाहरण, आणि मराठी शाळेतून आलेल्यांसाठी दोन पानांचा शब्दकोश. तो माझा हट्ट, कारण उघड आहे. मी स्टेन्सिल कापायची आणि शिपाई सायक्लोस्टाइलवर फिरवायचा. पानं जांभळट, बोटंही जांभळी. वडिलांनी त्यातली मांडणी पाहून नाक मुरडलं होतं आणि एका रविवारी बसून सगळे अपूर्णांक सरळ करून दिले होते.

पुढच्या वर्षांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. वर्ग भरले, मग रिकामे होत गेले. आधी दादरचे क्लास होते, हुशार मुलं तिकडे जायची आणि आमच्याकडेही यायची. नंतर क्लास बोरिवलीत आले, दहिसर स्टेशनबाहेर आले, आमच्या रावळपाड्यात दुधाच्या डेअरीच्या वरच्या माळ्यावर आले. शेवटी ‘इंटिग्रेटेड’ आलं, म्हणजे प्रवेश कॉलेजात, हजेरी क्लासमध्ये. माझ्या शेवटच्या वर्षी ऐंशींच्या पटातली अकरा मुलं समोर असायची, आणि त्यातली तीन पावसामुळे अडकलेली. २०१८ मध्ये सरकारने विज्ञान शाखेच्या ज्युनियर कॉलेजांना बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला तेव्हा मी निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. अंगठा लावून मूल हजर दिसेल, पण ते कशासमोर हजर आहे हा प्रश्न राहतोच. ती दोन वर्षं विद्यापीठाच्या पडवीतून बोर्डाच्या पडवीत गेली आणि तिथून क्लासच्या. क्लासवाल्यांवर माझा राग नाही. पडलेली वस्तू कुणीतरी उचलणारच.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. नातीच्या वर्गातला तो ट्रक चालवणारा गृहस्थ आपल्याकडे कुठे बसला असता? आपल्याकडे पंधरा-सोळाव्या वर्षी एका फॉर्मवर खूण करताना गणित सुटतं आणि ते सुटलं की सुटलं. अकरावी कॉमर्सला ‘मॅथ्स की एस.पी.’ (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) हा प्रश्न दहिसरच्या घराघरांत दर जूनमध्ये पाच मिनिटांत निकाली निघतो: एस.पी. सोपं. मग तीच मुलं बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला मुंबई विद्यापीठाचा गणित-संख्याशास्त्राचा पेपर बघून माझ्याकडे रडत यायची. पुढे चाळिशीत कुणाला वाटलं की आपण ते शिकायला हवं होतं, तर जाणार कुठे? नाशिकच्या मुक्त विद्यापीठाने बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम आणला, त्याबद्दल त्यांचे उपकार. विद्यापीठ अनुदान आयोगानेही कम्युनिटी कॉलेज नावाची योजना काढली, पण ती हातच्या कौशल्यांची. संध्याकाळी सातला दहिसरमध्ये कॅल्क्युलसचा वर्ग, फी परवडणारी, वयाची अट नाही, असं माझ्या पाहण्यात कुठेही नाही.

एक बाजूचं दार मात्र आहे, डिप्लोमाचं. दहावीनंतर तीन वर्षं पॉलिटेक्निक, मग इंजिनियरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. आमच्यासारख्या वस्त्यांतल्या किती तरी पोरांनी हेच दार वापरलं. ते दार अरुंद आहे. केतकीपाड्यातला एक मुलगा, वडील चेकनाक्यावर हमाली करत, डिप्लोमाला उत्तम गुण मिळवून डिग्रीच्या दुसऱ्या वर्षात गेला आणि समोर आलं एम-थ्री: लाप्लास, फूरिए, कॉम्प्लेक्स व्हेरिएबल्स. एम-वन, एम-टू बाकीच्यांनी आदल्या वर्षी केलेलं. याचं डिप्लोमाचं गणित वेगळं. पहिल्या सेमिस्टरला विषय राहिला, केटी. तो कुंभोजकरांचं जाडजूड पुस्तक छातीशी धरून आमच्या दारात उभा राहिला. म्हणाला, “बाई, पहिल्या पानावरच अडलो.” आम्ही सहा महिने रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलो. मी आधी लाप्लास शिकवलंच नाही. इंटिग्रेशन बाय पार्ट्सपासून सुरुवात केली, जुन्या सायक्लोस्टाइल नोट्समधून. केटी सुटली. आता तो मेट्रोच्या कामावर आहे. ओवरीपाड्यावरून गाडी गेली की मला फोन करतो, असं नाही, पण दिवाळीला येतो.

त्या नोट्स आता माझ्याकडे नाहीत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेने ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला. त्या रात्री आमची नदी घरात आली. तळमजला होता. आम्ही तांदळाचा डबा, गॅस आणि सासूबाई यांना वरच्या मजल्यावर नेलं. कपाटाचा खालचा खण लक्षात आला तेव्हा पाणी कमरेला होतं. दुसऱ्या दिवशी तीस वर्षांचा कागद चिखलात लगदा होऊन पडला होता, त्यात वडिलांनी सरळ केलेले अपूर्णांकही.

नातीला मी फोनवर सांगितलं की हो, लायेटच म्हणायचो. दर शनिवारी रात्री ती वर्गात झालेलं मला सांगते. सध्या माझ्याकडे रविवारी तिघं येतात: दोन डिप्लोमावाले आणि रावळपाड्यातली एक बाई, वय एकेचाळीस, जिने अकरावीला एस.पी. घेतलं होतं. परवा तिने साइनचा ग्राफ स्वतः काढला.

तेव्हा एक विनंती. १९७५ ते १९८० या काळात दहिसर-बोरिवलीकडच्या ज्युनियर कॉलेजांत विज्ञान शाखेला असलेल्या कुणाकडे जांभळ्या शाईतल्या गणिताच्या सायक्लोस्टाइल नोट्स पडून असतील, शेवटच्या दोन पानांवर इंग्रजी-मराठी शब्दांची यादी असेल आणि यादीतला पहिला शब्द ‘हायपॉटेन्यूज’ असेल, तर त्या रद्दीत देऊ नका. मासिकाच्या पत्त्यावर कळवा. झेरॉक्स काढून मूळ प्रत परत करीन.